पाण्याचं दुःखद निधन

बिसेरने सकाळी कार्यालयात येऊन खिडकी उघडली, कॉफीचा घोट घेतला आणि पडद्याकडे पाहिलं. घरजावयाने दिवसभराची दुनिया मांडून ठेवली होती.

"तीन घड्यांचा फोन बाजारात, खिशांचं काय होणार?" "दूरच्या सामुद्रधुनीत दोन आरमारं समोरासमोर, दोघांचंही एकमेकांना संयमाचं आवाहन." "यंत्रमानवाने ऑम्लेट केलं, परीक्षक भावुक." "बेटावरचं सरकार पडलं." त्याच्याच खाली, "बेटावरचं सरकार उभं राहिलं." आणि सगळ्यांच्या वर, ठसठशीत अक्षरांत, "चंद्रावर पाणी? शास्त्रज्ञांच्या आशा पल्लवित."

घरजावई म्हणजे बातम्या निवडून त्यांना मथळे देणारी संगणकाची प्रणाली. गावचं 'हाक' हे साप्ताहिक राजधानीतल्या, सोफियातल्या एका कंपनीने विकत घेतलं, कागद बंद करून सगळं फोनवर आणलं, माणसं घरी पाठवली आणि त्यांच्या जागी ही प्रणाली बसवली. तिचं खरं नाव इंग्रजी होतं आणि त्यात झेप, तेज असलं काहीतरी होतं. पण आयता येऊन बसलेला, कोणाचं काही न ऐकणारा आणि तरीही ज्याला दुखवून चालत नाही असा प्राणी घरात एकच असतो, म्हणून बिसेर तिला घरजावई म्हणायला लागला. कार्यालयात आता तो एकटाच उरलेला असल्यामुळे हे नाव एकमताने मंजूर झालं.

आज बिसेरकडे स्वतःची एक बातमी होती. डोंगरात पाऊस लागून राहिला होता आणि वरच्या मोहल्ल्याला पाणी पुरवणाऱ्या टाकीत ओढ्याचं पाणी शिरलं होतं. तपासणीत जंतू सापडले होते. पाणी दिसायला निवळशंख, चवीला नेहमीसारखं, आणि पोटात गेलं की माणूस आडवा. त्याने नगरपालिकेत फोन लावला.

"लोकांना सांगितलंत का?"

"आम्ही पूर्ण पारदर्शकपणे जाहीर केलंय," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"आमच्या संकेतस्थळावर. 'इतर सूचना' या सदरात."

"ते कोण बघतं?"

"तुम्ही बघितलंत ना? मग!"

वरच्या मोहल्ल्यात बिसेरची आई राहायची. पेना तिचं नाव. मुलाने घेऊन दिलेला मोबाइल तिने काचेच्या कपाटात, चांगल्या पेल्यांच्या शेजारी, झिजू नये म्हणून बंद करून ठेवला होता. रोज दुपारची झोप झाली की ती इमारतीच्या दारातल्या बाकावर शेजारणींबरोबर बसे, चमचाभर चेरीचा मुरांबा खाई आणि त्यावर नळाचं गार पाणी पिई. मुरांब्यावर पाणी प्यायलं नाही तर तो पाहुणचार धरला जात नाही, आणि उकळलेलं पाणी प्यायलं तर तो दवाखाना होतो, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे दुपारपर्यंत वेळ होता.

बिसेरने मथळा लिहिला: "वरच्या मोहल्ल्यातलं पाणी न उकळता पिऊ नका."

घरजावयाने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला. जगाला रस: नगण्य. तंत्रज्ञान: आढळले नाही. सुधारित मथळा: "हे पाणी पिण्याआधी हे वाचा, तिसरा मुद्दा वाचून थक्क व्हाल."

"अरे गाढवा, तिसरा मुद्दा नाहीचे," बिसेर पडद्याला म्हणाला. "एकच मुद्दा आहे. पिऊ नका."

त्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा नगण्य. शब्द फिरवले, 'सावधान' घातलं, तरी नगण्य. शेवटी दातओठ खात त्याने लिहिलं, "कृत्रिम बुद्धिमत्ताही म्हणते: पाणी उकळूनच प्या." घरजावई एकदम खूश झाला. बातमी तंत्रज्ञानात गेली, तीही वर, ऑम्लेटच्या शेजारी. सोबत हातात पेला घेतलेल्या चंदेरी यंत्रमानवाचं चित्र लागलं. फक्त जागा कमी पडली म्हणून मथळ्याची शेपटी कापली गेली. उरलं ते असं: "कृत्रिम बुद्धिमत्ताही म्हणते: पाणी."

पाच मिनिटांत सोफियाहून कालोयानचा फोन. हा कंपनीचा व्यवस्थापक. वयाने बिसेरच्या निम्मा आणि उत्साहाने दुप्पट.

"बिसेरदादा, मानलं तुला! 'कृत्रिम बुद्धिमत्ताही म्हणते: पाणी.' काय गूढ आहे रे! लोक धडाधड उघडतायत."

"कालोयान, तो मथळा कापला गेलाय. पाण्यात जंतू आहेत. लोक आजारी पडतील."

"मग पडले की घेऊ की. 'डोंगरी गावात रहस्यमय साथ.' वर जाईल बघ."

"माझी आई राहते तिथे."

मग कालोयानने हळुवारपणे विचारलं, "आईंची मुलाखत मिळेल?"

बिसेरने फोन ठेवला, कोट चढवला आणि वरच्या मोहल्ल्याची चढण धरली.

तो धापा टाकत पोचला तेव्हा बाकावर आई आणि शेजारीण गिना मांडीवर बशा घेऊन बसल्या होत्या. मधे पाण्याने भरलेला तांब्या आणि दोन पेले.

"पिऊ नका!" बिसेर लांबूनच ओरडला.

"आले बघ बातमीदार," आई म्हणाली. "काय झालं? सरकार पडलं?"

"पडलं होतं, उभं राहिलं. आई, पाण्यात जंतू आहेत."

"कोण म्हणतं?"

"नगरपालिका म्हणते. 'हाक'मध्येसुद्धा आलंय."

गिनाने चमचा बशीत ठेवला. "'हाक'मध्ये माझा मिंचोही आला होता," ती म्हणाली.

मिंचो, म्हणजे गिनाचा नवरा, जाऊन दहा वर्षं झाली होती. रीतीप्रमाणे गिनाने या वसंतात दारावर आणि समोरच्या विजेच्या खांबावर आठवणीचा कागद डकवला होता: काळी चौकट, मिंचोचा फोटो, 'तुझ्याविना दहा वर्षं'. कोणीतरी त्याचा फोटो काढून 'हाक'ला पाठवला. घरजावयाने चौकट पाहिली, नाव वाचलं आणि मिंचोच्या निधनाची ताजी बातमी लावून टाकली. गावभरातून लोक फुलं घेऊन आले.

"एका नवऱ्याच्या श्राद्धाचे गहू दोनदा शिजवलेली गावात मी एकटी," गिना म्हणाली. "साखर घालून वाटले. नाही कसं म्हणायचं? माणसं दारात रडत उभी."

"ती चूक यंत्राची होती, मावशी."

"यंत्र कोणाचं?" आईने विचारलं आणि पेला उचलला.

बिसेरने तो तिच्या हातातून घेतला आणि जिरेनियमच्या कुंडीत ओतला. मागोमाग तांब्याही ओतला.

"फुलांना जंतू चालतात वाटतं," गिना म्हणाली.

"हे बघ बिसेर," आई म्हणाली, "एवढं मोठं काही असतं ना, तर तिथे लागलं असतं." तिने खांबाकडे बोट केलं. खांबावर नेहमीसारखे काळ्या चौकटीचे निधनाचे कागद एकावर एक चिकटवलेले होते. येणारंजाणारं माणूस तिथे थांबे, चष्मा लावे, वाचे आणि मगच पुढे जाई. "तिथे काही लागलेलं नाही. जा, तांब्या भरून आण."

बिसेर खांबाकडे बघत राहिला. मग तांब्या तसाच बगलेत मारून उतार उतरायला लागला.

"अरे, माझा तांब्या!" मागून आई ओरडत होती.

खाली चौकात त्सोन्काचं छपाईचं दुकान होतं. गावातले निधनाचे सगळे कागद तीच छापायची. बिसेरला बघून तिने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि चेहरा गंभीर केला.

"कोण गेलं रे?"

"पाणी गेलं, ताई. वरच्या मोहल्ल्याचं."

"फोटो आणलायस?"

हा प्रश्न तिच्या तोंडून सवयीने निघून गेला. मग तिने बगलेतल्या तांब्याकडे आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बिसेरने सगळं सांगितलं, अगदी ऑम्लेटसकट.

"हे बघ, मी जिवंतांचे कागद छापत नाही," त्सोन्का म्हणाली. "पाणी गेलंय की आजारी आहे?"

"आजारी आहे. उकळलं की उठेल."

"मग 'अल्पशा आजाराने' घालता येईल. निधन मात्र पाहिजेच. निधनाशिवाय कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. खाली कोणाचं नाव?"

"नगरपालिकेचं?"

"हसतील लोक. 'शोकाकुल मोहल्ला' टाकू."

बघता बघता मजकूर छपाईच्या शाईत उतरला. काळी चौकट, वर क्रूस, मधे वरच्या मोहल्ल्यातल्या दगडी कारंज्याचा जुना फोटो, आणि खाली: "कळवण्यास अत्यंत दुःख होते की आम्हा सर्वांचं लाडकं, डोंगरातून आलेलं, आयुष्यभर कोणालाही नाही न म्हटलेलं पाणी अल्पशा आजाराने आपल्यातून गेलं आहे. त्यात जंतू आहेत. ते न उकळता पिऊ नये, लेकरांना देऊ नये, भाज्या त्यात धुऊ नयेत. शोकाकुल मोहल्ला."

'आयुष्यभर कोणालाही नाही न म्हटलेलं' हे त्सोन्काने आपल्या मनाने घातलं. तिच्या कुठल्याच मृताने कधी कोणाला नाही म्हटलेलं नसतं.

बिसेरने स्वतः डिंक लावून खांब, बसचे थांबे, दारं, पावाचं दुकान, काही सोडलं नाही. मागे वळून बघतो तर प्रत्येक कागदापुढे माणसं. चष्मे निघत होते, टोप्या उतरत होत्या, ओठ हलत होते. एक आजोबा वाचून झाल्यावर हळूच म्हणाले, "अरेरे. परवाच तर प्यायलो होतो." आणि घाईने घराकडे वळले.

दिवस कलता कलता वरच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक चुलीवर पातेलं चढलं होतं. बिसेर आईला तांब्या परत द्यायला गेला, तेव्हा ती उकळलेलं पाणी बाटल्यांत ओतत होती.

"कळलं तुला?" ती म्हणाली. "पाण्यात जंतू निघाले. खांबावर लागलंय."

"आई, तो कागद मी..."

"बघ म्हणजे. एवढा तू बातम्यांच्या धंद्यात, आणि तुला साधं कळू नये?"

बिसेरने तांब्या मेजावर ठेवला आणि खुर्चीत बसला. खिशात फोन वाजला. घरजावयाला कोणीतरी कागदाचा फोटो पाठवला होता आणि त्याने मथळा लावला होता: "वरच्या मोहल्ल्यातील ज्येष्ठ नागरिक पाणी यांचं निधन." त्याखाली मिनिटागणिक लोक पेटलेल्या मेणबत्तीचं चित्र टाकत होते.

आठवड्याने टाकी धुतली गेली, औषध घातलं गेलं आणि तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. ही बातमी लावायच्या भानगडीत न पडता बिसेर थेट त्सोन्काकडे गेला.

"पाणी उठलं, ताई. तसा कागद काढ."

त्सोन्काने बराच वेळ आपले नमुने चाळले. "उठल्याचा कागद नाही रे माझ्याकडे," ती म्हणाली. "आजवर कोणी मागितलाच नाही. मेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचा आहे, तो देऊ?"

मोहल्ल्यात पातेली चढतच राहिली. गिनाने तर पाण्याच्या नावाने गहूही शिजवले. दोनदा शिजवल्यावर तिसऱ्यांदा हात बसलेलाच होता. त्या दिवशी दुपारी बाकावर बिसेरने आईला पुन्हा समजावलं, नगरपालिकेचा अहवाल फोनवर उघडून दाखवला, टाकीचा फोटो दाखवला. तिने फोन हातभर लांब धरला आणि वर सरकून आलेला 'हाक'चा मथळा वाचून दाखवला, "चंद्रावर पाणी असल्याच्या दाव्यावर शिक्कामोर्तब."

"त्याच्या खालचं वाच, आई! खालचं!"

"गेलेलं परत येत नाही, बाळा," ती मायेने म्हणाली. "चाळिसावा तरी होऊ दे."

बिसेर उठला. घरात गेला, नळ सोडला, पेला काठोकाठ भरून बाहेर आणला आणि दोघींच्या देखत, डोळे मिटून, एका दमात रिकामा केला.

गिनाने छातीवर क्रूसाची खूण केली. आईने त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं.

"त्सोन्काला कुठला फोटो देऊ?" तिने विचारलं. "तो मिशीवाला चांगला आहे तुझा."