बाहेर नेऊ नये

मित्रांनो, थंडी सरली की दिल्लीत घरोघरी रजया ठेवायला पत्र्याची मोठी पेटी लागते. मी तशीच एक जुनी पेटी आहे. सदर बाजारातल्या एका कारागिराने मला ठोकून आकार दिला, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या आणि हिरवा रंग लावला. झाकणावर त्याने पांढऱ्या अक्षरांत नाव घातले : दिनकर सोवनी, रामकृष्णपुरम.

दिनकरराव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या पत्नी कुमुदताई मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या. उन्हाळाभर माझ्या पोटात रजया आणि कडुनिंबाचा पाला असे. थंडीत रजया बाहेर निघाल्या की त्यांची लेक नीला माझ्यात लपून बसे. आत श्वास कोंडला की खुदकन हसे आणि सापडे.

नीला नऊ वर्षांची असताना, एका शनिवारी कुमुदताईंनी मला पुसून दारात आणले.

"आई, मग उन्हाळ्यात रजया कुठे ठेवायच्या?"

"पलंगाखाली."

"आणि मी कुठे लपू?"

कुमुदताई हसल्या. मग तिला जवळ बसवून त्यांनी एका छोट्या कार्डावर काहीतरी लिहिले, माझ्यात ठेवले आणि वर चाळीस पुस्तके रचली.

त्यांच्या कॉलेजच्या मुली समाजसेवेसाठी यमुनेपलीकडच्या एका मजूर वस्तीत जात. ग्रंथालयाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. प्राचार्यबाई म्हणाल्याही, "कुमुद, तुमचं काम कपाटं सांभाळायचं."

"कपाटं कुठे पळून जात नाहीत हो, मॅडम," कुमुदताई म्हणाल्या आणि मला सायकलरिक्षात चढवू लागल्या.

वस्तीत त्यांचा एक कायदा होता. जो पुस्तक नेईल त्याने आपल्याला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायची. मुलींनी ती ग्रंथालयाच्या सूचीकार्डावर उतरवायची, सांगणाऱ्याच्याच शब्दांत. कुमुदताई त्यावर विषय आणि क्रमांक घालत आणि कार्ड माझ्या आतल्या खणात लावत. पुस्तकांची कार्डे असतात तशीच ही माणसांची.

वासंती नावाची एक मुलगी पहिल्या दिवशी हळूच म्हणाली, "मॅडम, ये लोग हमें क्या बताएँगे?"

"विचारून तर बघ. काही मिळालं नाही, तर कोरं कार्ड परत आण."

कोरे कार्ड कधीच कुणी आणले नाही. रामरतीने ओल्या लाकडांवर चूल कशी पेटवायची ते सांगितले. तिच्या नवऱ्याने, हरदास मिस्त्रीने, दोरा आणि खडा घेऊन भिंत सरळ आहे की नाही हे कसे बघायचे ते सांगितले. त्या दिवशी वासंती आपल्या ओढणीचा दोरा काढून वस्तीतल्या सगळ्या भिंती तपासत हिंडली. एकही सरळ निघाली नाही. हरदास म्हणाला, "ये हमने नहीं बनाईं, बिटिया. हमने तो साहब लोगों की बनाईं."

सव्वीस वर्षे माझे शनिवार असे गेले; बाकीचे दिवस मी कॉलेजच्या ग्रंथालयात असे. रिक्षा वळणावर दिसली की पोरे ओरडत, "संदूक आ गया!" मित्रांनो, रजया सांभाळणाऱ्या पेटीला इतके भाग्य फार झाले.

मग कॉलेजच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. जुने लोखंड भंगारात द्यायचे ठरले आणि त्या यादीत माझेही नाव आले. मे महिना होता. जूनअखेर कुमुदताई निवृत्त होणार होत्या. त्यांनी तेव्हा जे केले ते केवळ ग्रंथपालालाच सुचले असते. त्यांनी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत मला एक ग्रंथ म्हणून नोंदवले. माझ्यावर क्रमांकाचा शिक्का मारला आणि झाकणावरच्या नावावर लाल चिठ्ठी चिकटवली : संदर्भ. बाहेर नेऊ नये.

भंगाराची यादी घेऊन आलेला कारकून ती चिठ्ठी वाचून परत फिरला. ग्रंथ कसा भंगारात देणार?

"भंगार गेलं की जुलैत काढते हं ही चिठ्ठी," कुमुदताई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या. मला कुलूप लावून किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, घरी चहा करत असताना, त्यांचे हृदय बंद पडले.

चिठ्ठी तशीच राहिली.

त्यांच्या जागी भालचंद्र पेंडसे आले. ते कुमुदताईंच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मला संदर्भ विभागात, दोन कपाटांच्या मधे, भिंतीला टेकवून ठेवले. रोज सकाळी स्वतः माझ्यावरची धूळ पुसत. मुली विचारायला येत, "सर, शनिवारी पेटी न्यायची?" पेंडसे चिठ्ठीवर बोट ठेवत. "मॅडमनी स्वतः लिहिलंय. मॅडमचा शिक्का मी कसा खोडू?"

त्या माणसाचे माझ्यावर प्रेम होते. म्हणूनच त्याच्या हातून माझी सुटका नव्हती.

मित्रांनो, भंगारात गेलेल्या वस्तूचे निदान दुसरे काहीतरी होते. माझे काहीच होत नव्हते. उन्हाळ्यात पत्रा तापे आणि आतल्या पुस्तकांची पाने वाळून वाकत. पावसाळ्यात कार्डे एकमेकांना चिकटत. शनिवारी चार वाजता बाहेर रिक्षाची घंटा वाजली की मला वाटे, आता कुणीतरी कडी धरेल. घंटा पुढे जाई. मला हात आहेत, दोन बाजूंना दोन कड्या, पण ते दुसऱ्याने धरायचे हात. अशी दोन वर्षे गेली.

मग एक दिवस रामरती आली. तिला फाटकावरून दोनदा परत पाठवले होते. तिसऱ्यांदा ती थेट आत आली.

"साहब, हमारे मिस्त्री नहीं रहे," ती म्हणाली. "उनका कार्ड इसमें है. हमको लिखना तो आता नहीं. उनकी बोली बस इसी में रखी है."

पेंडशांनी कुलूप ओढून पाहिले; किल्ली त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांनी नीलाला फोन केला. पुढच्या शनिवारी किल्ली घेऊन नीला नोएडाहून आली. रामरती आधीच येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली होती.

नीला आता मोठी बाई झाली होती, केसांत थोडे पांढरे. तिने चिठ्ठीचा एक कोपरा नखाने उचलला. खाली पांढरे अक्षर दिसले.

"पेंडसे, ही आमच्या घरची पेटी आहे. बाबांचं नाव बघा. कॉलेजची ही कधीच नव्हती."

"म्हणजे... मॅडमचं नोंदीत चुकलं?"

गेलेल्या आईबद्दल हे बोलणे नीलाला जड गेले असावे.

"हो. चुकलं."

पेंडशांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग घेऊन जा, ताई. तुमचीच आहे."

"घरी नेते. तिच्या खोलीत ठेवीन. कुणाला हात लावू देणार नाही."

मित्रांनो, तेव्हा मी खरी घाबरले. पुन्हा भिंत, पुन्हा रोज सकाळचे पुसणे. पण रामरती उठली नव्हती. "कार्ड, बिटिया," ती म्हणाली. नीलाने कुलूप उघडले.

खणातले अगदी पहिले कार्ड तिच्या हाती आले. वर क्रमांक एक. खाली कुमुदताईंचे अक्षर : "नीला, वय नऊ. रजईत पाय गार लागले तर आईच्या पायांवर ठेवावेत. लगेच गरम होतात."

नीला माझी कड धरून खाली बसली. इतक्या वर्षांचे शनिवार तिने आईला माफ केले नव्हते, हे कुमुदताईंच्या बोलण्यातून मला ठाऊक होते. ती रडली नाही. तिने हरदासचे कार्ड शोधले आणि मोठ्याने वाचले. "धागा लो, पत्थर बाँधो, हाथ हिलने मत दो, दीवार से नहीं, धागे से पूछो."

"बिल्कुल ऐसे ही बोलते थे," रामरती म्हणाली. "डाँट के."

नीलाने पुन्हा वाचले. मग ते कार्ड रामरतीच्या हातात दिले, स्वतःचे कार्ड पर्समध्ये ठेवले आणि चिठ्ठी ओढून काढली. अर्धी निघाली, अर्धी राहिली.

"आई वस्तीत किती वाजता यायची?"

"चार बजे. पर बिटिया, ले जा रही हो तो कुछ लिखवा के जाओ. मैडमजी का कायदा है."

पेंडशांनी नवे कार्ड पुढे केले. नीलाने पेन उघडले. तिने वर नाव आणि वय लिहिले आणि खाली काहीच न लिहिता कार्ड माझ्यात ठेवले. "पुढच्या शनिवारी लिहीन," ती म्हणाली. मग तिने एक कडी धरली आणि रामरतीने दुसरी.

मित्रांनो, आता मी पुन्हा यमुनेपलीकडे जाते. एक कोपरा चेपला आहे, अर्धी लाल चिठ्ठी अजून अंगावर आहे. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे : जे फार आवडते त्याला कुलूप लावून जपू नका. त्याला कड्या असतील तर एक तुम्ही धरा, आणि दुसरी धरायला कुणाला तरी बोलवा.

नीलाचे कार्ड अजून कोरे आहे. ते भरायला ती दर शनिवारी येते.