हरिहरेश्वराचं नाव, अलिबागचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकीचा म्हणजे कसा, हे आता तुमच्यातल्या पुष्कळांना सांगावं लागेल. माझ्या गळ्याला आटे पाडलेले आहेत आणि माझं झाकण त्यांवर फिरवून घट्ट बसवतात. मग मला आडवा करा, उलटा करा, बैलगाडीत गदागदा हलवा, थेंब सांडायचा नाही. प्रवासासाठीच माझा जन्म झाला. आणि माझं बहुतेक सगळं आयुष्य गेलं ते एका देव्हाऱ्यात, एकाच पाटावर. याला मान म्हणायचं की कैद, ते मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही.

पुण्याच्या तांबट आळीत मला ठोकून घडवलं. तिथून आकुर्डीच्या आबाजींनी मला विकत घेतलं. आबाजी शेतकरी माणूस, पण हौशी. चाकणच्या बाजाराला निघाले की मी त्यांच्या शेजारी गाडीत असायचोच. माझं झाकणच पेला व्हायचं. वाटेत चार माणसं भेटली की आबाजी मला उलटा धरायचे आणि म्हणायचे, "बघा राव, गळतंय का?" त्या वेळी माझी छाती फुगायची. थोडी घमेंड मला तेव्हापासूनच आहे, ती तुम्ही चालवून घ्या.

आबाजींच्या बायकोचं नाव गवराबाई. कोकणात हरिहरेश्वराला जोडीनं जायचं, असं आबाजींनी त्यांना लग्नानंतर कबूल केलं होतं. दर साली सुगी झाली की जायचं ठरे आणि दर साली काहीतरी आडवं येई. एका साली बैल गेला, एका साली नणंदेचं लग्न निघालं. शेवटी आबाजीच देवाघरी गेले. गवराबाईंचे गुडघे धरले आणि मी माळ्यावरच्या खुंटीला लटकलो. तिथे उंदरांनी माझ्याभोवती काय काय खेळ केले, ते सांगत बसत नाही.

माझी पुन्हा आठवण झाली ती सत्तावन्न साली. आबाजींचा मुलगा मुरारी तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. त्याचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. बायको शालन, चाकणकडच्या खेड्यातली. दोघं एका घरात राहत, पण वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. मुरारीला चहा हवा असला तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "चहा मिळंल का?" आणि शालन भिंतीकडेच बघून कप ठेवायची. हे मी माळ्यावरून रोज बघत होतो. मला त्या भिंतीचीच कीव यायची.

त्या साली सव्वीस जानेवारी शनिवारी आली. पुढे रविवारची साप्ताहिक सुट्टी. मुरारीनं सोमवारची रजा टाकली. कारखान्यातले बाबू लोक बायकोला घेऊन हवा खायला जातात, हे त्यानं ऐकलं होतं. त्याला शालनला समुद्र दाखवायचा होता. पण आईला ते सांगणार कसं? शेतकऱ्याच्या घरातली सून नुसती मजा करायला जाते, हे गावात कुणी ऐकलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग मुरारीनं सोपी वाट काढली. तो आईला म्हणाला, "आबांचं हरिहरेश्वराला जायचं राहिलं हुतं. आमी दोघं जाऊन येतो."

गवराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला माळ्यावरून काढायला लावलं, चिंच लावून स्वतः घासलं, घरच्या आडाचं पाणी भरलं आणि शालनच्या हातात देत म्हणाल्या, "येताना यात तिथलं तीर्थ भरून आण. माझं जाणं आता न्हाई हुयाचं. डोळं मिटायच्या आदी ते तेवढं तोंडात पडू दे."

शालननं मान खाली घालून मला पदराखाली घेतलं. 

चिंचवडहून रेल्वेनं लोणावळा, मग एस.टी.नं घाट उतरून खोपोली, पेण करत आम्ही अलिबागला पोचलो. हरिहरेश्वर तिथून अजून खूप लांब, मध्ये खाड्या, होड्या. तीन दिवसांत ते होणारं नव्हतंच आणि मुरारीला ते आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला दोघं किनाऱ्यावर गेली. समोर समुद्रात किल्ला आणि तिथवर पाणी जेमतेम पोटरीएवढं. माणसं चालत जात होती. आमची माणसं पवनेच्या काठची. पाणी उतरलं म्हणजे पूर ओसरला, आता पुढच्या पावसापर्यंत काळजी नाही, एवढंच त्यांना माहीत. दोघं धोतर-लुगडं खोचून आरामात किल्ल्यात गेली, तट बघत बसली आणि परत दारात येऊन पाहतात तो काय, मघाची वाट कुठेच नव्हती. चहूकडे पाणीच पाणी.

"अवं, गावाकडं पाऊस पडला का काय?" शालननं घाबरून विचारलं.

मित्रांनो, मला हसू आवरेना, पण मला तरी कुठे भरती-ओहोटी ठाऊक होती? किल्ल्यातल्या देवळाच्या गुरवानं मग समजावलं, की पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आता दुपारी ओहोटी लागेल तेव्हाच जायचं.

दोघं अडकली. आणि खरं सांगतो, त्या घरातली माणसं मी तेवढी मोकळी कधी पाहिली नव्हती. तिथे भिंती पुष्कळ होत्या, पण मुरारी एकदाही भिंतीशी बोलला नाही. तो तटावर चढला आणि खाली बसलेल्या बायकोला मोठ्यानं हाक मारली, "शालन!" ती दचकून आजूबाजूला बघायला लागली, कुणी ऐकलं तर नाही ना. मग तिला हसू फुटलं आणि ते थांबेचना. माझ्या झाकणातून दोघांनी आळीपाळीनं घरचं पाणी प्यायलं, सगळं संपवलं. तिनं माहेरच्या ओव्या म्हटल्या, त्यानं कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल केली. दुपार कलायला लागली तशी ती उतरत्या पाण्याकडे बघू लागली.

"हे मी कुणाला सांगायचं?" ती म्हणाली.

मुरारीनं मला उचलून काखेत मारलं. परतताना ओल्या वाळूतून चालता चालता त्याला आईचं तीर्थ आठवलं. शालन म्हणाली, "ह्ये पाणी भरायचं? देवाच्या नावानं?" तो म्हणाला, "समुद्र तर एकच हाय की. तिथं बी ह्योच." तिनं वाकून मला भरलं. मी आयुष्यात नाना विहिरींचं पाणी पोटात ठेवलं होतं, पण असलं जळजळीत पाणी पहिल्यांदाच आलं. झाकण फिरलं, ते शेवटचं.

घरी गवराबाईंनी मला दारातच ओवाळलं. पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, गळ्याला लाल दोरा बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवलं. तीर्थाचा तांब्या असा तसा उघडत नाहीत, मावंदं घालतात. चार घरं जेवायला बोलवायची, पूजा करायची, मग सगळ्यांना तीर्थ द्यायचं. गवराबाई म्हणाल्या, "सुगी झाली की घालू."

मुरारीला घाम फुटला. गावाच्या मुखात अलिबागचं मीठ जाणार! सुगी झाली तेव्हा तो म्हणाला, रजा नाही. पुढे म्हणाला, पाहुण्यांत सुतक आहे. मावंदं लांबत गेलं. शेजारपाजारच्या बाया येऊन माझ्यापुढे डोकं टेकवू लागल्या. कुणी नातवाच्या तापासाठी, कुणी म्हशीसाठी. मी आत कोंडलेला, पोटात खारं पाणी. माझी कल्हई हळूहळू खाल्ली जात होती आणि आट्यांत हिरवा कळंक धरत होता. बाहेरून मात्र फुलं वाहिलेला, चकचकीत. मला ओरडावंसं वाटे. पण तांब्याला तोंड असलं तरी ते दुसऱ्याच्या हातानं उघडावं लागतं.

शालनचं माझ्याहून वाईट चाललं होतं. रोज संध्याकाळी गवराबाई तिला विचारत, "कसं हाय गं देऊळ?" ती काहीबाही सांगे. एकदा शेजारच्या कुशाबाई बसल्या होत्या. त्या स्वतः हरिहरेश्वर करून आलेल्या. त्यांनी विचारलं, "पायऱ्या उतरून परदक्षिणा केलीस न्हवं? कसं वाटलं त्या खडकातनं जाताना?"  भाकरी करपली म्हणत शालन उठली, तेव्हा चूल पेटलेलीही नव्हती. त्या दिवसापासून ती प्रवासाचं नावच काढीना. तिच्या जन्मातला तेवढा एक चांगला दिवस होता आणि तो तिला आठवायचीही चोरी झाली.

मग गवराबाई आजारी पडल्या. ताप उतरेना. एका दुपारी मुरारी कामावर होता, घरात सासूसुना दोघीच. गवराबाई म्हणाल्या, "शालन, मावंद्याचं राहू दे आता. ते तीर्थ तेवढं घाल माझ्या तोंडात."

शालननं मला खाली घेतलं. झाकण फिरवून पाहिलं. पदरानं धरून फिरवलं, पायात धरून फिरवलं. मी माझ्या परीनं जोर केला, पण आटे जखडून गेले होते.

"निघत न्हाई, आत्याबाई."

गवराबाईंनी पडल्या पडल्या मला हात जोडले.  "माझ्याच हातनं कायतरी पाप घडलं आसंल. म्हणून देव मला देत न्हाई."

मित्रांनो, शालन सुटली होती. झाकण उघडत नाही, देवाची इच्छा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सासूनं आपल्या माथी पाप घेतलेलं तिला सोसवलं नाही. ती खाटेशी बसली आणि रडत म्हणाली, "आत्याबाई, पाप तुमचं न्हाई. ह्ये तीर्थच न्हाई. आमी हरिहरेश्वराला गेलोच न्हाई. अलिबागंला गेलो. नुस्ता समुद्र बघायला."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. गवराबाईंनी एवढंच विचारलं,

"खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं आसतं तर तुमी जाऊ दिलं आसतं?"

गवराबाईंनी खरंच विचार केला. "न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई दिलं आसतं."

बाहेर कुणाची तरी चाहूल लागली. शालन मला दडवायला म्हणून उचलणार, तेवढ्यात गवराबाईंनी तिचा हात धरला. "ठिव जागंवर. गावानं डोकं टेकलंय त्याला. सांगायचं न्हाई कुणाला." मी परत पाटावर आलो. लाल दोरा पुन्हा नीट केला गेला. तेव्हाच मला कळलं, की माझी सुटका आता होत नाही.

पण गवराबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "दार लोटून घे," त्या म्हणाल्या. "आन् काय काय बघितलंस ते सांग. खरं सांग."

शालननं दार लोटलं. पाणी कसं उतरलं, कसं चढलं, दोघं कशी अडकली, सगळं सांगितलं. मुरारीनं तटावरून नावानं हाक मारली, हे सांगताना ती लाजली. गवराबाईंनी तिला मध्येच थांबवलं.

"मोठ्यानं मारली?"

"व्हय."

"ते पुन्यांदा सांग," गवराबाई म्हणाल्या.

त्या आजारातून त्या उठल्या नाहीत. शेवटच्या घटकेला कुशाबाई तीर्थाचा तांब्या उघडा म्हणून मागे लागल्या, पण शालननं तुळशीचं पाणीच घातलं. तोवर रोज दुपारी त्या घराचं दार थोडा वेळ लोटलेलं असायचं आणि मी देव्हाऱ्यातून ऐकत असायचो.

आज माझ्यात पाणी उरलं आहे की नुसतं मीठ, मलाच ठाऊक नाही. मित्रांनो, माझं एक ऐका. प्रवासाच्या भांड्यांना कोंडून पुजू नका, त्यांना हिंडू द्या. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर कुठे जायचं राहून गेलं ते त्याला एकदा विचारा. तिथलं पाणी आणून देऊ नका. त्यालाच घेऊन जा.