मानाचा नारळ आणि एक्क्यांची जोडी

हरिश्चंद्र बटलर बारा वर्षं आगबोटीवर साहेब लोकांच्या बशा उचलून बत्तीस साली जयगडास परत आला, तो दोन गोष्टी घेऊन. एक पितळी बटणांचा पांढरा कोट आणि दुसरा पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ. नाव हरिश्चंद्र, आणि शिकवतो काय, तर थापा मारायचा खेळ! आता बोला! पण त्याच्या पोटात एक खरं दुखणं होतं. नारळी पुनवेला खाडीत पहिला नारळ टाकायचा मान त्याच्या बापाचा. हा बोटीवर असताना बाप वारला आणि मान काशीराम तांडेलाने बळकावला. मग वाडीतले सदू आणि बाबल्याही हक्क सांगू लागले. विठूचा तर कसलाच हक्क नव्हता, पण सगळे उठले म्हणून तोही उठला. गेल्या साली भांडता भांडता भरती उतरून गेली आणि नारळ टाकायला काठाशी पाणीच उरलं नाही.

"यंदा भांडू नका," हरिश्चंद्र म्हणाला. "पोकरवर ठरवू. प्रत्येकाला पन्नास काजूबिया. सगळ्या ज्याच्याकडे जमतील, त्याचा मान."

सगळे लगेच कबूल झाले, कारण जो तो स्वतःला शहाणा समजत होता. हरिश्चंद्र मनात हसला. बायको मालन नारळ खवत बसली होती, तिला त्याने गुपित सांगितलं.

"एक्क्यांची जोडी आली आणि समोर एकच गडी असला, तर आपण राजे. पण पाचही जण चिकटून बसले तर कुणाचं ना कुणाचं काहीतरी जुळतंच. म्हणून सुरुवातीलाच जबर बोली लावायची, कच्चे गडी पळतात. नाहीच पळाले, तर जोडी गुमान खाली ठेवायची, डाव सोडायचा. त्यात लाज कसली?"

"तुम्ही ठेवाल?" मालनने विचारलं.

"साहेब ठेवतात!" हा ताठ मानेने म्हणाला.

श्रावणातल्या एका दुपारी पावसाळ्यासाठी होड्या झाकून ठेवलेल्या मांडवात डाव बसला. पहिल्याच वाटपाला हरिश्चंद्राच्या हाती दोन एक्के! त्याने कोट सावरून वीस बिया पुढे सारल्या. "बघायचं तर भरा, नाहीतर सोडा."

"माझ्याकडं काय नाय," सदू म्हणाला, "पण तुझी पानं बघल्याबिगर घरी जाऊ कसा?" आणि त्याने वीस बिया भरल्या.

"मानाच्या डावातनं उठलो तर वाडीत तोंड कसं दाखवू?" बाबल्यानेही भरल्या. काशीरामाने मिशीवरून हात फिरवून भरल्या.

"सगळे राह्यले, तर मीबी," विठू म्हणाला.

अरे कर्मा! साहेबांच्या बोटीवर माणसं पळायची. इथे एकही हलेना. एक्के ठेवून हरिश्चंद्राने पाचांतली बाकीची तीन पानं बदलली. सत्ती, नव्वी, गुलाम. काही जुळलं नाही. तेवढ्यात काशीरामाने उरलेल्या तीसही बिया लोटल्या. मागोमाग सदूने, बाबल्याने, विठूनेही.

चहा घेऊन आलेली मालन मुद्दाम खोकली. तीस बिया हातात होत्या, पुढचे डाव होते. नियम त्याला तोंडपाठ होता. त्याचा हात पानं खाली ठेवायला निघालासुद्धा.

"काय बटलर," काशीराम म्हणाला, "साहेबानं पळायला शिकवलं वाटतं?"

झालं! तीसच्या तीस बिया मधे गेल्या.

काशीरामाकडे राजांची जोडी होती. सदू-बाबल्याकडे नुसता कचरा. विठूने भीत भीत पानं मांडली. दोन दुर्र्या, दोन तिर्र्या. "ह्याचं काय होतं काय रे?"

काय होतं! एका जोडीवर दोन जोड्या भारी, अगदी एक्क्यांच्या जोडीवरही. मान गेला. हरिश्चंद्र दोन दिवस धड जेवला नाही.

पुनवेला भरती तुडुंब होती. नारळ धरून विठू पाण्याशी उभा राहिला, पण टाकेना. तो वळला आणि म्हणाला, "हरिश्चंद्रदादा, हा तुझ्या बापाचा. तूच टाक."

हरिश्चंद्राच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहिला. त्याने हात पुढे केला, आणि तेवढ्यात त्याला काशीराम गालात हसताना दिसला. त्याने हात पाठीमागे नेले.

"मला भीक नको," तो म्हणाला.

"काय माणूस हा!" मालन गर्दीतून पुढे आली. "सोडायचं ते धरून बसलात, आणि धरायचं ते सोडताय!"

तिने विठूच्या हातातून नारळ घेतला, सासऱ्याचं नाव घेतलं आणि खाडीत टाकला. पाचही मानकरी काठावर उभे राहून बघत राहिले.