मालकाच्या नावाची तीन पत्रं

मी एक राखाडी मोटारगाडी. वय अकरा, माणसांत धरलंत तर निवृत्तीला टेकलेली. बोलायची फारशी हौस उरलेली नाही. पण एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचंय.

कारखान्यात मी कितीतरी हातांखालून गेले. त्यांतल्याच एकानं माझ्या गिअरच्या तारेच्या टोकाला प्लास्टिकची कडी बसवली. बोटाच्या पेराएवढी. काही वर्षांनी ती ठिसूळ होणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मला घेतलं ते एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांनी. गुडघा दुखायचा, म्हणून बिनक्लचची गाडी. बायकोला शिकवताना म्हणायचे, "लिव्हर पी वर, म्हणजे पार्कवर टाकायची, की चाकं अडकली. किल्ली काढायची, उतरायचं. आहे काय त्यात?"

बाई दवाखान्यात एक्स-रे काढायच्या. खात्री केल्याशिवाय पुढे जायची सवय नव्हती त्यांना. "मग हँडब्रेक काय शोभेला दिलाय?"

"तो तुझ्यासारख्या शंकेखोरांसाठी!"

दोन वर्षांपूर्वी गृहस्थ गेले. हॉस्पिटलात त्यांना मीच नेलं. परत आल्या त्या एकट्या बाई.

त्यानंतर बाई सगळं गृहस्थांच्या पद्धतीनं करू लागल्या. हँडब्रेकला हात लावीनात. माझे कागदही त्यांच्याच नावावर राहिले. फाटकापाशी माझ्यात बसूनच त्या टपाल चाळायच्या. गृहस्थांच्या नावाचं पाकीट आलं की न फोडता पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायच्या. माझ्या कंपनीचीही त्यात तीन पाकिटं गेली.

"वहिनी, उघडून तरी बघ," त्यांची धाकटी नणंद म्हणायची. सासरचं तेवढंच माणूस उरलं होतं त्यांना.

"अगं, ह्यांच्या नावाचं आहे. दुसऱ्यानं पत्र फोडलेलं ह्यांना खपायचं नाही."

गेल्या महिन्यात दोघी बाजारातून आल्या. घरासमोरचा रस्ता चढाचा. बाईंनी लिव्हर पी वर टाकली, किल्ली काढली, उतरल्या. पण आत कडी तुटली होती. लिव्हर पी दाखवत होती, गिअर मात्र आत चालत्या गाडीचाच राहिला होता. नणंद माझ्या मागे, डिकीत वाकून पिशव्या काढत होती.

मी मागे सरकू लागले. मला ओरडता येत नाही. बाई ओरडल्या. नणंद बाजूला उडी मारताना हातावर पडली, आणि माझं चाक तिच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेलं. उताराखालच्या भिंतीनं मला थांबवलं.

बाई रस्त्यातच खाली बसल्या होत्या. नणंदच मनगट धरून त्यांच्याकडे आली. "मला घालवायचंच होतं तर तोंडानं सांगायचंस की, वहिनी. गाडी कशाला घालायची अंगावर?" मग दोघीही रडल्या.

वर्कशॉपमधल्या मिस्त्रीनं खालून डोकं बाहेर काढलं. "ही कडी बदलायला ह्या सगळ्या गाड्या कंपनीनं परत बोलावल्यात, बाई. पाऊण तासाचं काम, तेही फुकट. तीनदा कळवलंय. पत्रं मिळाली नाहीत का?"

"मिळाली."

"मग?"

बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून तिन्ही बंद पाकिटं काढून दाखवली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मालकांचं नाव आहे तेच ना?"

"ते नाहीत," बाई म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. "माझं नाव घाला. आणि यापुढे पत्रं मलाच पाठवा."

तिथेच, माझ्या पुढच्या सीटवर बसून त्यांनी तिन्ही पाकिटं फोडली. आत एकच मजकूर होता. तरी तिन्ही शेवटपर्यंत वाचली.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, आणि तिच्याबद्दल एखादं पत्र आलं असेल, कुणाच्याही नावानं, तर ते फोडा. गेलेलं माणूस रागावत नाही. आम्हाला स्वतःहून काही सांगता येत नाही, म्हणूनच ते कागद येतात.

आता कडी नवी आहे. मी चढावर घट्ट उभी राहते. पण बाई हँडब्रेक ओढतात, किल्ली काढतात, तरी ब्रेकवरचा पाय उचलत नाहीत. प्लास्टर घातलेला हात सांभाळत नणंद उतरते, फाटकाच्या आत जाते, आणि तिथून हाक मारते, "पोचले गं वहिनी! उतर आता."

मगच तो पाय निघतो.