मावशीचा आकडा

त्या दवाखान्यात मावशी म्हणजे एक कुत्री. तपकिरी, सात वर्षांची, एक कान कायमचा दुमडलेला. कोणीतरी तिला दारात बांधून चालतं झालं होतं आणि डॉक्टरांनी ती ठेवून घेतली. अपघातात सापडलेल्या, ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या पडलेल्या कितीतरी कुत्र्यांना तिचं रक्त चढलं होतं, म्हणून ती सगळ्यांची मावशी. सुई दिसली की बाकीची जनावरं दवाखाना डोक्यावर घेत. ही आपणहून टेबलाशी येऊन पाय पुढे करायची. इतक्या गुणी जिवावर संशय तरी कोण घेणार?

ताईंनीही घेतला नाही. ताई म्हणजे तिथल्या लॅबच्या बाई. बावीस वर्षं झाली होती त्यांना. डोक्यावर सरकवलेला चष्मा त्या घरभर शोधत फिरायच्या, पण ट्यूबवरचं लेबल त्यांच्या हातून कधी चुकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कुत्र्यांसाठी कॅन्सरची रक्ततपासणी सुरू केली ती ताईंच्याच भरवशावर. अंगात कुठे गाठ धरू लागली की रक्तात एक द्रव्य वाढायला लागतं. गाठ हाताला लागण्याआधी, कुत्रं अजून उड्या मारत असतानाच ते पकडायचं, एवढंच त्या तपासणीचं काम. मशीन साधं होतं. दर गुरुवारी आलेल्या नमुन्यांबरोबर त्याला एका धडधाकट कुत्र्याचं रक्त द्यावं लागे. त्या कुत्र्याचा आकडा एक धरायचा आणि बाकीच्यांचं द्रव्य त्याच्या किती पट आहे ते बघायचं. दुपटीच्या आत असलं की काळजी नाही.

धडधाकट कुत्रं कुठून आणायचं? मावशी होतीच. रोज डोळ्यासमोर, खाऊनपिऊन सुखी, टोचलं तरी हूं की चूं नाही. मावशीचा आकडा दर गुरुवारी एक. तो एकच येणार होता, कारण तिला मोजायचं तेही तिच्याच मापानं. आपले पेपर आपणच तपासायचे म्हटल्यावर नापास कोण होतो? पण हे त्या दवाखान्यात दोन वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि डोकी काही कमी शिकलेली नव्हती.

मग एका सोमवारी गाडीखाली आलेल्या एका कुत्र्यासाठी मावशीचं बरंच रक्त काढावं लागलं. "या गुरुवारी तिला सोडा, ताई," डॉक्टर म्हणाले. ताईंनी रिसेप्शनवरच्या मुलीचा दोन वर्षांचा कुत्रा बोलावला. त्याला धरायला तीन माणसं लागली.

त्या दिवशी नऊ नमुने होते. पाच दुपटीच्या वर गेले, आणि ती पाचही कुत्री आधी पास झालेली. मशीन बिघडलं असं समजून ताईंनी सगळे परत लावले. पाचच्या पाच तसेच. आणखी दोन तरुण कुत्र्यांचं रक्त लावून पाहिलं, तरी आकडे हलेनात. शेवटी फ्रीजमधून मावशीची मागच्या आठवड्याची ट्यूब काढली आणि पहिल्यांदाच तिला पेशंट म्हणून मशीनमध्ये ठेवलं.

सहा.

डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. मावशी गुणी बाळासारखी कुशीवर पडून राहिली. तिच्या प्लीहेवर लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले, "हिला काही झालं नाही असं मी रोज सगळ्यांना सांगत होतो."

मावशी आजारी पडत गेली तसं माप फुगत गेलं, आणि त्या फुगलेल्या मापानं मोजलेली कुत्री निरोगी ठरत गेली. दवाखान्यात प्रत्येक नमुन्याचा थेंबभर भाग गोठवून ठेवायची पद्धत होती. ताई आणि डॉक्टरांनी दोन दिवस खपून ते सगळे पुन्हा तपासले. पहिल्या वर्षातले बरोबर निघाले. त्यानंतरची अकरा कुत्री चुकून पास झाली होती. त्यातलं एक ताईंच्या दादाचं.

दादांचा भोपळा. हे नाव वहिनींनी ठेवलेलं, कारण पिल्लू असताना तो चालण्यापेक्षा गडगडायचा जास्त. वहिनी कॅन्सरनं गेल्या. कळलं तेव्हा पोटभर पसरला होता. मागे राहिले दादा, त्यांचं पुस्तकं बांधायचं काम आणि भोपळा. ही नवी तपासणी निघाल्याचं कळताच दादा भोपळ्याला दर चार महिन्यांनी आणायला लागले. "या वेळी उशीर करायचा नाही," एवढंच म्हणायचे. डॉक्टर लोकांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. बहिणीवरचा शाबूत होता.

भोपळ्याचे खरे आकडे आता ताईंच्या समोर होते. आठ महिन्यांपूर्वी तीन, चार महिन्यांपूर्वी पाच, या महिन्यात नऊ. तीनही रिपोर्टांवर 'काळजी नाही' आणि खाली ताईंची सही.

"बाकी दहांना मी फोन करतो," डॉक्टर म्हणाले. "दादांना तुम्हीच सांगा. आणि ताई, आधी कळलं असतं तर वाचला असता का, असं विचारलं, तर सांगता येत नाही म्हणा. मी सगळ्यांना तेच सांगणार आहे."

ताईंनी मान डोलावली. त्यांनाही तेच म्हणायचं होतं. वाटभर त्यांनी ते वाक्य घोकलं.

दादांच्या खोलीत खळीचा वास भरला होता. दाबयंत्रात चार जाड वह्या आवळून ठेवलेल्या, खिडकीत सुकायला टाकलेले पुठ्ठे, आणि टेबलाखाली भोपळा. ताईंना बघून त्यानं शेपूट दोनदा आपटली, उठला नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका उतरला होता. वाडग्यातलं सकाळचं खाणं तसंच होतं.

"बरं झालं आलीस, बारके," दादा हात पुसत म्हणाले. "हा नीट खात नाहीये. दोन महिने होत आले. समोरची नर्सबाई माझ्या मागेच लागली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा म्हणून. मी म्हटलं, बाई, याचं रक्त माझी बहीण तपासते. तरी तिचं तेच. शेवटी मी बोलणंच टाकलं तिच्याशी."

ताईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं तर बरं. त्या पुठ्ठे बाजूला सारून स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. मावशीचं, मापाचं, तीन, पाच, नऊचं. दादा उभेच होते. मधेच खाली वाकून त्यांनी भोपळ्याच्या पोटावर हात ठेवला, जणू गाठ आत्ता तिथेच हाताला लागणार होती.

"आता काही करता येईल?"

"आकडा नऊवर गेला म्हणजे पसरलंय, दादा. त्याला दुखू नये एवढं बघता येईल."

"आणि आठ महिन्यांपूर्वी?" दादांनी वर पाहिलं. "तेव्हा कळलं असतं तर?"

घोकलेलं वाक्य ताईंच्या जिभेवर होतं. पण तीन खोटे रिपोर्ट त्यांच्या हातून नकळत गेले होते. चौथा जाणूनबुजून द्यायचा, तोही याच माणसाला, हे त्यांच्याच्यानं होईना.

"तेव्हा गाठ लहान असणार. काढता आली असती. बरीच कुत्री त्यानंतर नीट जगतात."

दादा हळूहळू खाली बसले, भोपळ्याशेजारी जमिनीवरच. ते ओरडतील, निदान एखादा पुठ्ठा तरी फेकतील, असं ताईंना वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. दादा नुसते भोपळ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"खरं सांगितलंस," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं टिपले.

"मग आता एक सांग." दादांचा हात थांबला होता. "तुझी वहिनी गेली, त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू मला म्हणाली होतीस, दादा, आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता. सहा वर्षं मी त्यावर तगलोय. ती पोटात दुखतंय म्हणत होती आणि मी ऑर्डर पुरी करून जाऊ म्हणत होतो, दीड महिना. तरी रात्री झोप लागायची, कारण तू तसं म्हणाली होतीस."

टेबलाखाली भोपळा कूस बदलून कण्हला.

"तेही खरंच होतं ना, बारके?"

ताईंनी तोंड उघडलं. दादा त्यांच्याकडे बघत थांबले, आणि त्या काही बोलायच्या आतच दादांनी मान खाली घातली.