लांबलेली हाक

गेलेल्या माणसांच्या आठवणींची पानं इंटरनेटवर बनवून देणारी ती छोटीशी कंपनी. पानांचं डिझाइन करणाऱ्याला तिथे सगळे भाऊ म्हणत. एके सकाळी तो येऊन बघतो तर एका पानाची पार वाट लागलेली. तळ्यात बुडालेल्या एका शाळकरी मुलाचं पान. मोबाइलवर उघडलं की मजकूर चौकट फोडून उजवीकडे पळत होता, आणि पोराचा फोटो कोपऱ्यात चिमटून गेला होता.

कारण एकच शब्द. आईने लिहिलेला. 'सोन्याऽऽऽऽऽ' आणि पुढे तसेच अवग्रह, रांगच्या रांग. मध्ये कुठे मोकळी जागा नाही.

"बोट दाबलेलं राहिलं असणार," कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत काप, पुढे तीन टिंबं दे."

त्याने तसं केलं. पान सरळ झालं.

दुपारी भाऊला फोन आला. "मी सोन्याची आई. माझी हाक तोडलीत का हो?"

"काकू, आम्हाला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल..."

"चुकून कशी? चौथ्या मजल्यावरून मैदानापर्यंत पोचायची, म्हणजे लांबच मारावी लागते. आखूड मारली की ऐकूच न आल्याचं सोंग घ्यायचा. महालबाड होता." ती हसली. "त्या दिवशी गॅसवर दूध होतं, म्हणून एकदाच मारली. आखूड. तो तसाच पोरांबरोबर तळ्याकडे गेला."



"फोन ठेवू नका, काकू," भाऊ म्हणाला आणि त्याने ते पान पुन्हा उघडलं.

कापलं होतं ते फक्त दिसण्यापुरतं. तिने लिहिलेलं अक्षर न् अक्षर आत शाबूत होतं. त्याने पानाच्या कोडमधला टिंबांचा नियम काढून टाकला आणि एका ओळीचा नवा लिहिला: शब्द मावत नसेल तर कडेला येताच हवा तिथे मोडावा आणि खालच्या ओळीत उतरवावा.

"आता बघा बरं."

पलीकडे ती एकेक ओळ मोजताना ऐकू येत होती.

"सगळी आली?"

"सगळी. काही गेलं नाही."

"बरं." मग जरा थांबून तिने विचारलं, "याच्याखाली कुणी उत्तर लिहू शकतं का हो?"

"लिहू शकतं, काकू. कुणीही."

"कुणीही नको. ओ त्यानेच द्यायची," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

भाऊ उठला, बाहेर जाऊन तोंड धुऊन आला.