गार पाय

आमचे दाजी आधी फुटबॉल खेळले, मग पोरांना खेळ शिकवला आणि गुडघे पार गेल्यावर शर्यतीच्या घोड्यांचे ट्रेनर झाले. लोक म्हणायचे, काय जिद्द आहे. कसली डोंबलाची जिद्द? दुखणं कबूल न करण्याची खोड होती ती. दुखलं की बर्फ लावायचा आणि परत मैदानात. संघातल्या पोरांनाही त्यांनी तेच शिकवलं.

घोडा दुखतंय म्हणून सांगत नाही. म्हणून तबेल्यात त्याला पळवण्याआधी रोज पायांवरून तळहात फिरवतात. पाय गरम लागला की आत काहीतरी बिघडलंय; घोडा बाहेर काढायचा नाही. हे काम माझं. त्या सकाळी मी आमच्या काळ्या नावाच्या घोड्याचे चारही पाय चाचपले. गार होते.

"मामा, झालं का तुझं भविष्य बघणं?" दाजींची मुलगी, माझी भाची, खोगीर घेऊन उभी होती. तिची पहिली शर्यत जवळ आली होती.

"झालं. तुझ्यापेक्षा याचं बरं दिसतंय. जा."

सरावात पहिल्याच वळणावर काळ्याचा पुढचा पाय मोडला. तो आवाज मला कठड्यापाशी ऐकू आला. भाची उडून पडली. मी पोचलो तेव्हा ती खांदा धरून बसली होती. काळ्या कोसळला होता; त्याचा पाय खुराच्या वर नुसता लोंबत होता.

"मामा, तू पाय बघितला होतास ना?"

"बघितला गं. गार होता."

दाजी धापा टाकत आले. "गारच असणार. पहाटे गरम लागला, म्हणून मी बर्फ बांधून ठेवला होता. गार झाल्यावर सोडला."

हा माणूस काही लपवत नव्हता. त्याला वाटत होतं, आपण इलाज केला.

"गरम होता हे माहीत असून मला वर बसवलंत, पप्पा?"

"अगं, मी जन्मभर असाच खेळलो." ते काळ्यापाशी बसून त्याच्या मानेवर थापा मारू लागले. "चल, ऊठ. काही झालेलं नाही."

आणि काळ्या उठायला बघत होता. त्या मोडक्या पायावर. सांगितलेलं ऐकायची सवय लावली होती ना आम्ही.

भाचीने चांगल्या हाताने बापाचा हात झटकला. "मामा, डॉक्टरला बोलाव. याला इंजेक्शन देऊन सोडवायला सांग. आणि आधी यांना इथून ने."

मी दाजींचा दंड धरला. ते हलेनात. तिने 'यांना इथून ने' हे पुन्हा सांगितलं, तेव्हा उठले.